स्वतःची गाणी रचणाऱ्या गावातल्या गायकाने सुरुवात कशी करावी

दक्षिण आफ्रिकेतील झुलू लोकांत मस्कंदी नावाचा गायनप्रकार आहे. कामासाठी घर सोडून खाणींत आणि शहरांत गेलेल्या माणसांनी तो गिटारवर वाढवला, आणि आजही तिथले तरुण गायक-गीतकार त्यातून घडतात. गाणे सुरू होण्याआधी गिटारवर एक झपाट्याची सुरावट वाजते, तिला इझिहलाबो म्हणतात. पुढे मध्येच गायक भरभर बोलत आपले नाव, कूळ आणि गाव सांगतो, ते इझिबोंगो. वऱ्हाडात किंवा झाडीपट्टीत नव्याने गाऊ लागलेल्याने ही रीत आधी शिकावी. ती आपल्याला परकीही नाही, कारण तुकडोजी महाराजांच्या भजनात शेवटी ‘तुकड्यादास’ येतोच.

पहिले गाणे पुस्तकी भाषेत लिहू नये. ‘पराटी’ (कपाशी), ‘वावर’ (शेत), ‘काहून’ (का) हे शब्द शहरातल्या श्रोत्याला कळणार नाहीत या भीतीने ते बदलले, तर चालही बिघडते. ‘काहून’चा लांब हेल ‘का’ या एका अक्षरात मावत नाही. तयार झालेली दोन-तीन गाणी भजन मंडळात, गणपतीत, चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात पुन्हा पुन्हा गावीत आणि कोणत्या ओळीला मागे बसलेली माणसे बोलायची थांबतात ते पाहावे.

ध्वनिमुद्रणासाठी सुरुवातीला साधा मोबाइल पुरेसा असतो. टिनाच्या छपराखाली आवाज घुमतो, म्हणून माझे पहिले मुद्रण वाया गेले. दुसरे मी वेचलेला कापूस भरलेल्या खोलीत केले आणि आवाज कोरडा, स्वच्छ आला, कारण कापूस घुमारा शोषून घेतो. पंखा बंद करावा, फोन तोंडापासून दीड वीत दूर ठेवावा आणि खंजिरीवाल्याला चार-पाच पावले मागे बसवावे, नाहीतर झांजांच्या आवाजात शब्द बुडतात.

सर्वांत जास्त काळजी हक्कांची घ्यावी. सॉलोमन लिंडा या झुलू गायकाने १९३९ मध्ये ‘म्बुबे’ हे गाणे ध्वनिमुद्रित केले आणि पुढे त्याचे हक्क अवघ्या १० शिलिंगांना लिहून दिले. ती चाल जगभर गाजली, पण तो १९६२ मध्ये गरिबीतच गेला, आणि त्याच्या मुलींना तडजोडीतून मोबदला मिळायला २००६ साल उजाडले. हे वाचताना मला आजही वाईट वाटते.

आपल्याकडे १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार गाणे लिहिले की त्यावर रचनाकाराचा हक्क आपोआप येतो. तरी वहीत गाण्याखाली तारीख घालावी, आणि चाल दुसऱ्याची असेल तर त्याचे नावही लिहावे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला, म्हणजे गाणे वापरल्याबद्दल मिळणाऱ्या मोबदल्यातला, वाटा वारसांना किंवा कॉपीराइट संस्थेलाच देता येतो, कंपनीला नाही. तो वाटा गोळा करण्यासाठी आयपीआरएस (इंडियन परफॉर्मिंग राइट सोसायटी) या कॉपीराइट संस्थेचे सभासद होता येते. हक्क देण्याच्या करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते, म्हणून ‘कायमस्वरूपी’ हा शब्द दिसला की थांबावे. कराराची प्रत घरी आणून दोन दिवस जाणत्या माणसाकडून वाचून घ्यावी, आणि प्रत द्यायला कुणी नकार दिला तर सही न करता आपली खंजिरी उचलून परत यावे.