अमेरिकेतील हायस्कूल डिप्लोमा : पालकांनी चार वर्षांचा हिशेब कसा ठेवावा

महाराष्ट्रात शिकलेल्या पालकांच्या मनात शालेय शिक्षणाचा शेवट म्हणजे बोर्डाची परीक्षा, हे समीकरण पक्के असते. अमेरिकेत हायस्कूलचा डिप्लोमा असा एका परीक्षेवर मिळत नाही. नववी ते बारावी ही चारही वर्षे हायस्कूलची असतात, प्रत्येक विषय उत्तीर्ण झाल्यावर त्याचे क्रेडिट खात्यावर जमा होते आणि ठरावीक विषयांतील ठरावीक क्रेडिट पूर्ण झाली तरच डिप्लोमा हाती येतो. त्यामुळे नववीत राहून गेलेला अर्ध्या वर्षाचा विषय बारावीच्या शेवटी अडचण म्हणून पुढे येऊ शकतो, मग बाकीचे गुण कितीही चांगले असोत. शाळेतील काउन्सेलर हा हिशेब ठेवतात. परंतु एकेका काउन्सेलरकडे शेकडो विद्यार्थी असतात, म्हणून पालकांनी आणि मुलांनी दर वर्षअखेरीस स्वतःही तो तपासावा, असा माझा आग्रह आहे.

सर्वप्रथम नियम कोणाचे, हे समजून घ्यावे. डिप्लोमाच्या अटी केंद्र सरकार ठरवत नाही. राज्य किमान अटी घालते, शाळेचा डिस्ट्रिक्ट, म्हणजे त्या भागातील सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था, त्यांत भर घालू शकतो आणि खाजगी शाळांचे नियम आणखी वेगळे असतात. न्यूयॉर्कमध्ये सर्वसाधारण डिप्लोमासाठी २२ क्रेडिट लागतात. टेक्सासमध्येही मूळ कार्यक्रम २२ क्रेडिटचाच आहे, पण 'एन्डॉर्समेंट' म्हणजे एखाद्या क्षेत्रातील विशेष अभ्यास जोडला की ती संख्या २६ होते. न्यू जर्सीत मात्र १२० क्रेडिटची अट आहे. हा आकडा पाहून घाबरण्याचे कारण नाही, कारण तेथे वर्षभराच्या एका विषयाला साधारणपणे ५ क्रेडिट मिळतात. म्हणून दुसऱ्या राज्यातील नातेवाइकांच्या मुलाशी आकड्यांची तुलना करू नये. आपल्या डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रम पुस्तिका उतरवून घ्यावी आणि मूल ज्या वर्षी नववीत दाखल झाले, त्या वर्षाच्या तुकडीला लागू असलेलेच पान वाचावे. नियम बहुधा प्रवेशवर्षानुसार बदलतात. थोरल्या भावंडाच्या वेळची यादी धाकट्याला लागू पडेलच असे नाही.

नंतर शाळेकडून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सर्व वर्षांच्या विषयांची, श्रेणींची आणि क्रेडिटची अधिकृत नोंद, मागवावे आणि ते त्या यादीशेजारी ठेवून एकेक ओळ पडताळावी. ट्रान्स्क्रिप्टवर प्रत्येक सत्राची नोंद सहसा स्वतंत्र असते. समजा, 'बीजगणित १' या विषयापुढे पहिल्या सत्रात सी श्रेणी आणि ०.५ क्रेडिट असे लिहिले आहे, तर दुसऱ्या सत्रात एफ, म्हणजे अनुत्तीर्ण, आणि शून्य क्रेडिट. अशा वेळी घेतलेली क्रेडिट आणि मिळालेली क्रेडिट या दोन आकड्यांत फरक दिसतो, आणि नेमका तोच फरक शोधायचा असतो. सरासरी गुणांक, म्हणजे जीपीए, चांगला असला तरी ही अर्ध्या क्रेडिटची उणीव त्यात झाकली जाते. एकूण क्रेडिटची बेरीज पुरी भरली एवढ्यावरही समाधान मानू नये. इलेक्टिव्ह म्हणजे ऐच्छिक विषयांची क्रेडिट भरपूर आणि शारीरिक शिक्षणाचे किंवा आरोग्याचे अर्धे क्रेडिट बाकी, अशी स्थिती हुशार मुलांच्या बाबतीतही उद्भवते, कारण हे विषय 'पुढच्या वर्षी घेऊ' म्हणून सहज मागे पडतात.

मूल महाराष्ट्रातून नववी, दहावी किंवा अकरावीनंतर येथे येणार असेल, तर खरे काम भारतात असतानाच सुरू करावे लागते. दहावीची गुणपत्रिका बोर्डाची असल्याने ती सगळेच जपून आणतात. नववीची गुणपत्रिका मात्र शाळेची असते आणि 'तिला कोण विचारतो' म्हणून ती मागे राहते. येथे नववी हे हायस्कूलचे पहिले वर्ष आहे आणि त्या वर्षाची क्रेडिट त्या कागदावरूनच मिळतात. म्हणून शाळा सोडल्याच्या दाखल्याबरोबर नववीची, आणि लागू असल्यास अकरावीची, विषयवार गुणपत्रिका शाळेच्या सही-शिक्क्यानिशी इंग्रजीत करून घ्यावी. मुख्याध्यापकांकडून उत्तीर्णतेचे किमान गुण आणि प्रत्येक विषयाच्या आठवड्यातील तासिका नमूद करणारे पत्रही घ्यावे.

विषयांची जुळवणी हा याहून नाजूक भाग आहे. राज्य मंडळाच्या नववी-दहावीच्या गणितात भाग एक हा बीजगणिताचा आणि भाग दोन हा भूमितीचा असतो, परंतु गुणपत्रिकेवर केवळ 'गणित' छापलेले असते. येथे 'बीजगणित १' आणि 'भूमिती' हे दोन स्वतंत्र विषय असून त्यांचे क्रेडिटही स्वतंत्र असते. पाठ्यपुस्तकांच्या अनुक्रमणिका इंग्रजीत करून काउन्सेलरसमोर ठेवल्या, तर मुलाने शिकलेलेच पुन्हा शिकण्याची वेळ बहुधा येत नाही. विज्ञानाचेही तसेच आहे : आपल्याकडे जीवशास्त्र, रसायनशास्त्र आणि भौतिकशास्त्र एकाच विषयात येतात, येथे ते वेगवेगळे मोजले जातात. अमेरिकेचा इतिहास आणि नागरिकशास्त्र हे विषय मात्र येथेच पूर्ण करावे लागतील, असे गृहीत धरून वेळापत्रक आखावे. मराठी आणि हिंदीच्या अभ्यासाला परकीय भाषेचे क्रेडिट देता येईल का, हे अवश्य विचारावे. अनेक डिस्ट्रिक्ट ते गुणपत्रिकेवरून किंवा भाषाचाचणीवरून देतात, पण मागितल्याशिवाय ते क्वचितच मिळते. मुलाला इंग्रजी शिकणाऱ्यांच्या विशेष वर्गात घातले असेल, तर त्या वर्गाचे क्रेडिट इंग्रजीच्या अटीत धरले जाते की इलेक्टिव्हमध्ये, हे पहिल्याच भेटीत लेखी विचारून घ्यावे. अकरावीत आलेल्या मुलाच्या बाबतीत या एका उत्तरावर पुढची दोन वर्षे ठरतात.

क्रेडिटशिवायही काही अटी असतात. टेक्सासमध्ये 'बीजगणित १', 'इंग्रजी १', 'इंग्रजी २', जीवशास्त्र आणि अमेरिकेचा इतिहास या पाच विषयांच्या राज्यस्तरीय परीक्षा आहेत. मॅसॅच्युसेट्समध्ये एमकॅस या राज्यस्तरीय परीक्षेत उत्तीर्ण होण्याची अट नोव्हेंबर २०२४ मधील जनमताने रद्द झाली. मेरीलँडमध्ये ७५ तासांचे सेवाकार्य किंवा डिस्ट्रिक्टने ठरवलेला पर्यायी कार्यक्रम पूर्ण करावा लागतो. टेक्सास, इलिनॉय अशा काही राज्यांत बारावीत महाविद्यालयीन शिक्षणासाठीच्या आर्थिक साहाय्याचा अर्ज भरणे हीदेखील अट आहे. एच-४ व्हिसावरील, म्हणजे नोकरीच्या एच-१बी व्हिसावर आलेल्या पालकांबरोबरची, मुले केंद्रीय साहाय्यास पात्र नसतात, म्हणून पुष्कळ पालक या सूचनेकडे दुर्लक्ष करतात. त्यांनी निदान सूट मागणारा फॉर्म सही करून शाळेत द्यावा, म्हणजे ही अट प्रलंबित राहत नाही.

हजेरीची अट आपल्या कुटुंबांना विशेष जाचक ठरते. टेक्सासमध्ये वर्ग जितके दिवस भरतो त्यांपैकी ९० टक्के दिवस उपस्थिती असेल तरच सामान्यतः त्या वर्गाचे क्रेडिट मिळते. लग्नकार्यासाठी डिसेंबरच्या सुटीला जोडून महिनाभर भारतात राहण्याचा बेत असेल, तर तिकिटे काढण्यापूर्वी शाळेचे नियम पाहावेत.

एखाद्या विषयात एफ मिळालाच, तर लगेच पुढच्या उन्हाळी वर्गात किंवा क्रेडिट-भरपाईच्या ऑनलाइन अभ्यासक्रमात नाव नोंदवावे. गणितासारख्या विषयात पुढची पायरी मागच्या पायरीवर अवलंबून असल्याने दिरंगाई महाग पडते. सीच्या खालच्या डी श्रेणीबद्दलही सावध असावे. अनेक ठिकाणी डीला क्रेडिट मिळते आणि डिप्लोमापुरते ते चालते. परंतु युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आपल्या १५ अनिवार्य अभ्यासक्रमांत सी किंवा त्याहून वरची श्रेणी मागते. त्याच राज्यात डिप्लोमासाठी गणिताची किमान दोन वर्षे लागतात, तर या विद्यापीठाच्या प्रवेशासाठी तीन. डिप्लोमाची यादी आणि विद्यापीठाची यादी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि दोन्ही शेजारी ठेवूनच विषय निवडावेत.

विशेष शिक्षण घेणाऱ्या मुलांच्या पालकांनी एक भेद आवर्जून जाणून घ्यावा. काही शाळा डिप्लोमाऐवजी पूर्णतेचे प्रमाणपत्र देतात आणि ते नोकरी वा महाविद्यालयाच्या दृष्टीने डिप्लोमाच्या बरोबरीचे नसते. उलट, नियमित डिप्लोमा स्वीकारला की केंद्रीय कायद्याखालील विशेष शिक्षणाचा हक्क संपतो. मूल कोणत्या मार्गावर आहे, हे मुलाच्या वैयक्तिक शिक्षण-आराखड्याच्या, म्हणजे आयईपीच्या, वार्षिक बैठकीत स्पष्ट विचारावे आणि नववीपासूनच विचारावे.

अकरावीच्या शेवटी काउन्सेलरची भेट ठरवून 'पदवीपडताळणी'चा कागद मागावा आणि त्यावर राहिलेल्या प्रत्येक अटीपुढे बारावीतील कोणता वर्ग ती पूर्ण करणार आहे, हे लिहून घ्यावे. बारावीचे दुसरे सत्र सुरू होताच तीच तपासणी पुन्हा करावी. महाविद्यालयाचा प्रवेश हाती आल्यावर मुले सैल पडतात, पण अंतिम ट्रान्स्क्रिप्ट महाविद्यालय पाहतेच. पदवीदान समारंभाच्या यादीत नाव असणे म्हणजे डिप्लोमा मिळणे नव्हे. काही शाळा अटी अपुऱ्या असतानाही समारंभात सहभागी होऊ देतात. म्हणून जूनमध्ये ट्रान्स्क्रिप्टवर डिप्लोमा दिल्याची तारीख छापली गेली आहे ना, हे पाहून त्याची एक प्रत घरी ठेवावी आणि एक शाळेमार्फत महाविद्यालयाकडे पाठवावी.