पावसाळ्यापूर्वी गोठ्याच्या जुन्या लाकडी खांबांची दुरुस्ती

जुन्या गोठ्याचा किंवा चाऱ्याच्या शेडचा लाकडी खांब बहुधा वरून धडधाकट दिसतो आणि जमिनीलगत मात्र कुजलेला असतो, कारण बुरशीला लागणारा ओलावा आणि हवा या दोन्ही गोष्टी तिथेच एकत्र मिळतात. म्हणून पाऊस सुरू होण्याआधी, जमीन कोरडी असतानाच, प्रत्येक खांबाच्या बुंध्याभोवतीची माती व शेण वीतभर उकरून लाकूड टोकदार सळईने चारही बाजूंनी टोचून पाहावे. सळई सहज आत शिरली, हातोडीच्या ठोक्याला पोकळ आवाज आला किंवा वाळवीने केलेल्या मातीच्या नळ्या वर चढलेल्या दिसल्या, तर तो खांब दुरुस्तीस घ्यावा. एकाच रांगेतील बरेच खांब गेले असतील किंवा तुळईच वाकली असेल, तर हे काम घरच्या घरी करण्याचे नाही. जाणकार सुतार किंवा अभियंत्याला बोलवावे.

खरा धोका खांब कापताना असतो. त्याआधी जनावरे बाहेर काढावीत, छत बाजूला कलंडू नये म्हणून तिरपे आधार ठोकावेत आणि खांबाच्या दोन्ही बाजूंना तुळईखाली भक्कम टेकू उभे करावेत. टेकूच्या बुडाशी जाड, रुंद फळी हवी, नाहीतर तो मातीत रुततो. जॅकने छत खांबावरचा भार सुटेल एवढेच, अगदी सावकाश उचलावे. वर्षानुवर्षे खचलेले छत एका दिवसात समपातळीत आणण्याचा हट्ट धरल्यास सांधे उखडतात आणि पत्रे फाटतात. एका वेळी एकच खांब हाती घ्यावा.

कुजलेला भाग संपल्यावर आणखी वीतभर निरोगी लाकूड जाईल अशा बेताने खांब कापावा. उरलेला खांब नव्या काँक्रीटच्या चौथऱ्यावर लोखंडी बूट (खांबाचे बूड धरून ठेवणारी लोखंडी बैठक) बसवून उभा करावा आणि चौथरा जमिनीपासून किमान 15 सेंटिमीटर वर ठेवावा. खांबाचे बूड काँक्रीटमध्येच गाडण्याची पद्धत मजबूत वाटते खरी, परंतु आत शिरलेले पाणी तिथे अडून राहते आणि लाकूड पुन्हा कुजते. लाकूड कापलेल्या टोकातून पाणी सर्वात जास्त ओढते. त्यामुळे त्या टोकाला लाकूडरक्षक द्रावणाचे दोन-तीन हात द्यावेत, आणि जनावरे चाटतात तिथे ते त्यांना सुरक्षित असल्याची खात्री करून घ्यावी. जळके इंजिन ऑइल फासू नये, कारण ते माती खराब करते. मूत्र व शेणाने लोखंड लवकर गंजत असल्यामुळे बूट आणि बोल्ट जस्ताचा मुलामा दिलेलेच घ्यावेत. वादळी वाऱ्यात छत वर उचलले जाते, तेव्हा बूट चौथऱ्याला आणि खांब बुटाला बोल्टने पक्का जखडलेला असावा.

काँक्रीटला किमान 7 दिवस पाणी मारावे. तोवर टेकू काढू नयेत, आणि नंतरही जॅक थोडाथोडा उतरवत खांब ओळंब्यात, म्हणजे अगदी सरळ उभा, आहे का ते पाहत राहावे. पागोळ्यांचे पाणी खांबाशी पडत असेल, तर पन्हळ बसवून किंवा चर खणून ते पहिल्या पावसापूर्वी दूर वळवावे.