अफेक्ट की इफेक्ट? सारखे दिसणारे इंग्रजी शब्द वेगळे कसे ओळखायचे

इंग्रजी लिहिताना सगळ्यात जास्त घोळ अवघड शब्दांत होत नाही, सोप्या शब्दांत होतो. एखाद्या अक्षराचा फरक असतो, दोन्ही स्पेलिंगं बरोबर असतात, त्यामुळे साधा स्पेलचेक लाल रेघ मारतच नाही आणि चुकीचा शब्द बिनबोभाट पुढे जातो. म्हणजे पकडायचं आपल्यालाच. आणि माझं ठाम मत आहे की जोड्या पाठ करून हे जमत नाही, कारण जोडीने पाठ केलं की दोन्ही शब्द डोक्यात एकत्रच बसतात आणि ऐनवेळी कुठला कुठला तेच आठवत नाही. आपल्याकडे दिन आणि दीन मध्ये गोंधळ का होत नाही, तर एकाबरोबर दिनदर्शिका आठवते आणि दुसऱ्याबरोबर दीनदुबळा, बास, इंग्रजीतही हेच करायचं, प्रत्येक शब्दाला त्याचं स्वतःचं काहीतरी चिकटवून ठेवायचं.

पहिलं बघायचं ते शब्द वाक्यात काय काम करतोय, नाम आहे की क्रियापद. अ‍ॅडव्हाइस म्हणजे सल्ला, त्यात सी येतो. अ‍ॅडव्हाइज म्हणजे सल्ला देणे, त्यात एस. इथे उच्चारच वेगळा आहे, शेवटी स ऐकू आला की सी लिहायचा आणि ज ऐकू आला की एस. प्रॅक्टिस आणि लायसन्सचं मात्र कानाला काही कळत नाही, दोन्ही रूपं सारखीच ऐकू येतात, मग त्या जागी मनात अ‍ॅडव्हाइसची जोडी ठेवून बघायची, सल्ला बसत असेल तर सी आणि सल्ला देणे बसत असेल तर एस. अर्थात हे ब्रिटिश पद्धतीचं झालं. अमेरिकन पद्धतीत प्रॅक्टिस दोन्हीकडे सीनेच लिहितात आणि लायसन्स दोन्हीकडे एसने, तेव्हा आधी एक पद्धत ठरवा आणि शेवटपर्यंत तीच ठेवा, एकाच पानावर दोन्हीची खिचडी फार वाईट दिसते.

अफेक्ट-इफेक्टलाही हीच परीक्षा चालते. ए-वाला अफेक्ट बहुतेक वेळा क्रियापद असतो, परिणाम करणे. ई-वाला इफेक्ट बहुतेक वेळा नाम, म्हणजे खुद्द परिणाम. शब्दाच्या आधी द किंवा अ‍ॅन लावून बघा, बसलं तर जवळपास नक्की ई. पावसाने मॅचवर परिणाम केला, द रेन अफेक्टेड द मॅच, इथे ए. पावसाचा परिणाम, द इफेक्ट ऑफ द रेन, इथे ई. एकच अपवाद लक्षात ठेवण्यासारखा आहे, इफेक्ट अ चेंज, म्हणजे बदल घडवून आणणे, तिथे क्रियापद असूनही ई येतो. सुरुवातीला तो बाजूला ठेवला तरी चालेल.

दुसरी युक्ती म्हणजे शब्दाचं खानदान शोधायचं, आणि मला स्वतःला ही सगळ्यात आवडते कारण एकदा कळलं की परत विसरत नाही. स्टेशनरी घ्या. वह्या-पेनवाल्या स्टेशनरीत शेवटी ई-आर-वाय येतं आणि एका जागी स्थिर असलेल्या गोष्टीसाठी ए-आर-वाय. गंमत म्हणजे दोन्हींचं मूळ एकच आहे, मध्ययुगात युरोपात फिरत न विकता एका ठरलेल्या जागी बसून पुस्तकं विकणाऱ्याला स्टेशनर म्हणायला लागले आणि त्याचा माल तो स्टेशनरी. बेकर, स्टेशनर, अशा विकणाऱ्यांच्या शेवटी ई-आर, म्हणून मालातही ई. तसंच कॉम्प्लिमेंटचं, मधे ई असेल तर कम्प्लीटच्या घराण्यातला, म्हणजे एकमेकांना पूरक, आणि मधे आय असेल तर ते कौतुक. प्रिन्सिपलचं तर अजून सोपं, एल-ई ने संपणारा शब्द फक्त तत्त्व किंवा नियम या अर्थाचा, बाकी सगळीकडे, कॉलेजचे प्राचार्य असोत, कर्जाची मुद्दल असो की मुख्य कारण, ए-एल.

लूज आणि लूस इथे मात्र आपला मराठी कानच आपल्याला फसवतो. आपण सर्रास शर्ट लूज झालाय म्हणतो, पण सैल या अर्थाच्या शब्दाचा इंग्रजी उच्चार लूस आहे आणि त्यात दोन ओ येतात. लूज म्हणजे गमावणे किंवा हरणे, त्यात एकच ओ. बोलण्यात आपण दोन्ही एकच करून टाकतो म्हणून लिहितानाही तेच होतं, तेव्हा बोलतानाच सवय बदला, स्पेलिंग आपोआप सुधारतं. ब्रेथ म्हणजे श्वास आणि ब्रीद म्हणजे श्वास घेणे, शेवटी ई लागला की क्रियापद. क्वाएट म्हणजे शांत आणि क्वाइट म्हणजे बऱ्यापैकी, हे दोन तर नुसते मोठ्याने वाचले तरी सुटतात.

कधी कधी उच्चार अजिबात मदत करत नाही, मीट म्हणजे भेटणे आणि मीट म्हणजे मांस, दोन्ही अगदी सारखे. पूर्वी हे उच्चार वेगळे होते. १४७६ मध्ये विल्यम कॅक्स्टनने इंग्लंडमध्ये छापखाना टाकला, पुढे छपाईमुळे स्पेलिंगं हळूहळू पक्की होत गेली पण लोकांचं बोलणं बदलतच राहिलं, वेगळे आवाज एक झाले आणि स्पेलिंग जुनंच राहिलं. अशा शब्दांना डोळ्यानेच ओळखायचं, भरपूर वाचन हाच उपाय.

इट्सचं कोडं अ‍ॅपॉस्ट्रॉफीचं आहे. तिथे फोड करून वाचा, इट इज किंवा इट हॅज म्हणून वाक्य नीट लागलं तर अ‍ॅपॉस्ट्रॉफी द्या, नाही लागलं, म्हणजे त्याचा-तिचा असा अर्थ असेल, तर देऊ नका. हिज आणि हर्सला तरी कुठे असतो? युअर आणि देअरच्या भावंडांनाही अशीच फोड करून तपासा, यू आर किंवा दे आर लागतं का ते बघा.

आणि हे सगळं लिहिता लिहिता करत बसू नका, विचार तुटतो. आपण नेहमी चुकतो ते आठ-दहा शब्द एका जागी लिहून ठेवा, मेल किंवा रिपोर्ट पूर्ण झाला की फाइंडमध्ये एकेक शब्द टाका, जिथे जिथे सापडेल ते अख्खं वाक्य वाचा आणि मगच सेंड करा.