पहिला पीआर पाठवायच्या आधी स्वतःचा डिफ वाचा

ओपन सोर्स प्रोजेक्टला पीआर, म्हणजे पुल रिक्वेस्ट (माझा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या अशी विनंती), पाठवायला लागणारं गिटमधलं फोर्क, क्लोन, कमिट एवढं येतं असं धरून चालते. मी ज्यात फसले ते कुणीच सांगत नाही, म्हणून तेच आधी सांगते.

माझा पहिला बदल फक्त तीन ओळींचा होता. तारीख वाचणाऱ्या फंक्शनमध्ये रिकामी स्ट्रिंग आली की प्रोग्राम क्रॅश व्हायचा, तिथे एक चेक टाकायचा, बस. दोन रात्री जागून बग शोधला, पुश केलं, तर मेंटेनरचं, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याचं, उत्तर आलं की एवढं मोठं रिव्ह्यू करणं जमणार नाही. मला कळेचना. डिफ, म्हणजे कुठल्या ओळी बदलल्या ते दाखवणारी यादी, उघडला तर आठशेच्या वर ओळी लाल-हिरव्या! एडिटरमध्ये फॉरमॅट ऑन सेव्ह चालू होतं, त्याने सगळ्या फाइलमधले सिंगल कोट डबल केले, टॅबच्या स्पेस केल्या, आणि माझ्या तीन ओळी त्यात कुठेतरी बुडून गेल्या.

हे नुसतं दिसायला वाईट म्हणून नाही सांगत. असा पीआर मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला गेला, तर गिट ब्लेममध्ये (कुठली ओळ शेवटची कुणी बदलली ते सांगणारी कमांड) बदललेल्या प्रत्येक ओळीवर तुमचं नाव येतं, मग ती ओळ मुळात का लिहिली होती हे शोधणाऱ्याला खोदत बसावं लागतं. शिवाय त्याच फाइलवर काम करणाऱ्या बाकीच्यांचे बदल तुमच्याशी भिडून कॉन्फ्लिक्ट येतात ते वेगळंच. लिनक्स कर्नलच्या नियमांतसुद्धा एका पॅचमध्ये एकच बदल असावा असं स्पष्ट लिहिलंय.

त्यामुळे कमिट करायच्या आधी गिट डिफ बघाच. गिट ॲडला मायनस पी लावलं की तो एकेक तुकडा दाखवून विचारतो, हवा असेल तर वाय, नको तर एन. सुरुवातीला कंटाळा येतो, तरी करा. विंडोजवर असाल तर लाइन एंडिंगपण (ओळ संपल्याची अदृश्य खूण) तपासा, ती वेगळी पडली तर एकही अक्षर न बदलता अख्खी फाइल बदललेली दिसते.

आणि पीआर बिघडला तर बंद करून नवा उघडू नका, मी घाबरून तेच केलं आणि आधीची सगळी चर्चा मागे राहिली. त्याच ब्रँचवर कमिट दुरुस्त करा, गिट पुशला फोर्स विथ लीज (--force-with-lease) लावून पुश करा, पीआर आपोआप अपडेट होतो. रिव्ह्यूमध्ये असं होतच असतं, कुणी मनात धरत नाही.

शॉर्टकटबद्दल मात्र माझं मत कडक आहे. हॅकटोबरफेस्ट म्हणजे ऑक्टोबरभर ओपन सोर्सला पीआर पाठवायचा उपक्रम; 2020 साली त्यात टी-शर्टसाठी लोकांनी रीडमीत (प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) एखादा शब्द घुसडून इतके पीआर पाठवले की आयोजकांना महिना चालू असतानाच नियम बदलून, ज्या प्रोजेक्टना हवंय त्यांनीच भाग घ्यावा असं करावं लागलं. एआयकडून लिहून घेतलेला, स्वतःला न समजलेला कोड पाठवणं मला त्याच माळेतलं वाटतं. समोरचा माणूस बऱ्याचदा नोकरी सांभाळून फुकट रिव्ह्यू करत असतो हो.

मेंटॉर शोधत बसू नका. पर्सनल मेसेजपण नको, प्रश्न इश्यूखालीच (प्रोजेक्टच्या पानावरच्या त्या बगच्या नोंदीखाली) विचारा, काय करून पाहिलं आणि कुठे अडलं ते लिहून, म्हणजे दुसरा कुणीतरीही उत्तर देऊ शकतो. दोन आठवडे शांतता असली तर एकदा नम्रपणे आठवण करा. उत्तर नाही म्हणजे तुमचं काम वाईट असं अजिबात नसतं.

माझा दुसरा पीआर तीनच ओळींचा गेला. त्यावर एकच कमेंट आली, रिकाम्या स्ट्रिंगसाठी टेस्टपण लिही. लिहिली, आणि अकरा दिवसांनी मर्ज झाला.