दम लागतोय? छातीच्या डॉक्टरांकडे कधी जायचं

खोकला दोन आठवड्यांवर गेला की आधी सरकारी दवाखान्यात टीबीसाठी थुंकी तपासून घ्या, ती तपासणी फुकट होते. आठ आठवडे उलटले, थुंकीत रक्त दिसलं किंवा रोजच्या जिन्यावर मध्येच थांबावं लागलं, तर फुफ्फुसतज्ज्ञच गाठा. बेळगावच्या उद्यमबागेत फाउंड्रीची (धातू ओतकामाच्या कारखान्याची) वाळू, निपाणीकडे तंबाखूची धूळ, खानापूरकडे चुलीचा धूर, जे असेल ते किती वर्षं हे सांगा. नाहीतर सिलिकोसिससुद्धा, म्हणजे वाळूच्या बारीक धुळीने होणारा फुफ्फुसाचा आजार, 'दमा' म्हणून खपतो. स्पायरोमेट्रीत, म्हणजे फुंकून फुफ्फुसांची ताकद मोजायच्या तपासणीत, एका दमात, जोरात, सहा सेकंद तरी फुंकायचं. अर्धवट फुंकलं की आकडा फसवतो. त्याआधी पंप (इनहेलर) किती तास बंद ठेवायचा, विचारून घ्या. ओठ निळे पडले, बोलताना वाक्य तुटू लागलं, तर अपॉइंटमेंट कसली, थेट इमर्जन्सीत न्या.