हीरोजमधले जादूगार ताडून पाहायचे तर कुठून सुरुवात करायची

माझ्याकडे एक दोनशे पानी वही आहे. तिच्या पहिल्या बारा पानांवर मी एक भलामोठा तक्ता आखला होता. 'हीरोज ऑफ माइट अँड मॅजिक' या कॉम्प्युटर गेमच्या मालिकेतल्या प्रत्येक जादूगार टाउनचं (खेळाडूच्या शहराचं) प्रत्येक युनिट (सैनिकाचा प्रकार), त्याचा अटॅक, डिफेन्स, डॅमेज, हिट पॉइंट्स (किती मार सोसतो). दोन रविवार त्यात गेले. मग टायटन या जादूगारांच्या शेवटच्या पातळीवरच्या युनिटच्या ओळीपाशी आले आणि सगळं मुसळ केरात. दुसऱ्या भागात (१९९६) टायटनचे हिट पॉइंट्स ३००, तिसऱ्यात (१९९९) ३००, पाचव्यात (२००६) १९०. मग काय, पाचव्यातला टायटन लेचापेचा? मुळीच नाही. पाचव्या भागात बऱ्याच मोठमोठ्यांचे आकडे उतरलेत, आधी ३०० वर असलेला ब्लॅक ड्रॅगनसुद्धा तिथे २४० वर आलाय.

तेव्हा पहिली गोष्ट ही: एका भागाचा आकडा दुसऱ्या भागाच्या आकड्याशेजारी मांडू नका. युनिट तोलायचं ते त्याच भागातल्या शेजाऱ्यांशी. टायटनचं वेगळेपण ३०० मध्ये नाहीच. दुसऱ्या भागात सहा टाउन आहेत आणि प्रत्येकाच्या शेवटच्या पातळीवर एक तगडं युनिट. त्यातला लांबून मारणारा एकटा टायटन. तिसऱ्या भागात टाउन आठ झाली, तरी ही मक्तेदारी टिकली. हे तक्त्यात कुठेच दिसत नाही, शेजारीपाजारी बघितले की लगेच दिसतं.

आता पद्धत. मी प्रत्येक भागात मध्यम आकाराचा नकाशा घेते, समोर एकच कॉम्प्युटर, कठीणपणा मधला, आणि फक्त पहिला आठवडा खेळते. सात दिवस. वहीत तीन नोंदी: लांबून मारणारा पहिला स्टॅक (एकाच प्रकारच्या सैनिकांचा गट) कोणत्या दिवशी हाती आला, सातव्या दिवशी तिजोरीत सोनं किती उरलं, आणि खरी गरज म्हणून पहिला स्पेल (मंत्र) कधी टाकला. शेवटची नोंद सगळ्यांत बोलकी. जादूगार घेऊन खेळतोय आणि पाच दिवस स्पेलबुक उघडलंच नाही, असं झालं तर त्या टाउनबद्दल काहीतरी कळलं.

तिसऱ्या भागातलं जादूगारांचं टाउन, टॉवर, घ्या. हीरो (सैन्य घेऊन फिरणारा सेनापती) सोलमिर, तोच तो निळा जिनी. तो चेन लाइटनिंग घेऊनच सुरुवात करतो. चौथ्या पातळीचा स्पेल पहिल्याच दिवशी हातात! पण विझार्ड वर्गाचा नॉलेज सुरुवातीला ३, म्हणजे मॅना (स्पेल टाकायला खर्च होणारी शक्ती) ३०, आणि चेन लाइटनिंगला लागतात २४. एक वीज पाडली की बुवा रिकामा. तीही कशी पडते ते बघा. पॉवर (स्पेलचा जोर) २ असताना पहिल्या स्टॅकला साधारण १०५, मग जवळच्या दुसऱ्या स्टॅककडे उडी मारून ५२, मग २६, मग १३. वीज उडी मारताना 'आपला की परका' विचारत नाही. मी पहिल्यांदा ती पाडली तेव्हा समोर दोनच स्टॅक होते. तिसरा फटका माझ्याच ग्रेमलिन्सवर, म्हणजे टॉवरच्या पहिल्या पातळीच्या सैनिकांवर. ग्रेमलिनचे हिट पॉइंट्स ४, म्हणजे २६ मध्ये सहा आडवे. शेजारी दादा बसला होता. तो आयुष्यभर नेक्रोपोलिस (मृतांचं टाउन) खेळत आलाय, आणि त्या दिवशी तो इतका हसला की खुर्चीवरून पडायचा बाकी होता.

पण या फजितीतूनच मला टॉवरची रचना उमगली. त्याच टाउनमध्ये स्टोन गोलेम आहेत, जादूची इजा त्यांना निम्मीच होते. अपग्रेड करून आयर्न गोलेम केले की पाऊणभर इजा गायब. स्टोन गोलेमचा स्पीड ३, ते रांगतच येतात, म्हणून नवखे त्यांना नावं ठेवतात. पण वीज उडी मारणारच असेल तर ती गोलेमवर मारू दे, अशा बेताने ग्रेमलिन लांबच्या कोपऱ्यात आणि गोलेम शत्रूला खेटून ठेवायचे. म्हणजे हीरोचा स्पेल, सैन्यातला मंद दगड आणि मैदानातली मांडणी या तिन्हींची एकच मोट बांधलेली आहे. एखाद्या फॅक्शनमध्ये (टाउन आणि त्याचं सैन्य) अशी मोट सापडली की तिथे दोन पानं सोडा. सापडली नाही तर तेही लिहा.

दुसरं काम: एकच प्राणी धरा आणि त्याचा माग सगळ्या भागांतून काढा. माझी निवड गोलेमच. दुसऱ्या भागात आयर्न आणि स्टील, तिसऱ्यात स्टोन आणि आयर्न, चौथ्यात (२००२) गोल्ड, शिवाय सगळ्यांत वरच्या पातळीवर ड्रॅगन गोलेम. पाचव्यात परत आयर्न आणि स्टील, पण आता मास्टर ग्रेमलिन त्यांची दुरुस्ती करतात, लढाई चालू असताना! मला हे फार आवडतं. तिसऱ्या भागात ग्रेमलिन आणि गोलेम एका टाउनमध्ये राहणारे अनोळखी भाडेकरू होते, पाचव्यात ते मिस्त्री आणि यंत्र झाले. प्राणी तेच, नातं नवं. नुसती यादी केली असती तर 'ग्रेमलिन आहे, गोलेम आहे' अशा दोन खुणा करून मी पुढे गेले असते.

हाफलिंगचा मागही काढून बघा, गंमत आहे. दुसऱ्या भागात पहिल्या पातळीवर गोफण घेऊन उभा, तिसऱ्यात टाउनमधून हद्दपार, चौथ्यात परत.

तिसरं आणि माझ्या मते मुख्य काम म्हणजे जादू नक्की कुठे ठेवली आहे ते शोधणं. सगळीच टाउन जादूगारांची, सगळीकडे निळी-पांढरी मनोरे-घुमटांची आरास, पण जादूची तिजोरी प्रत्येक भागात वेगळ्या खोलीत आहे.

दुसऱ्या भागात ती इमारतीत आहे. लायब्ररी बांधली की मेज गिल्डच्या (स्पेल शिकवणाऱ्या इमारतीच्या) प्रत्येक पातळीवर एक स्पेल जास्त. हीरो विझडम हे कौशल्य आधीच ॲडव्हान्स्ड घेऊन येतो, म्हणजे चौथ्या पातळीपर्यंतचे स्पेल शिकायला त्याला थांबावं लागत नाही. सैन्य मात्र बरंचसं साधं. रानडुक्कर तर चक्क रानडुक्कर. त्याच्यात जादू शोधायला जाऊ नका, ते पहिल्या आठवड्यात धावण्यासाठी आहे.

तिसऱ्या भागात लायब्ररी तशीच राहिली, पण जादू सैन्यातही पाझरली. सैन्यात मेज (जादूगार सैनिक) असला की हीरोचा प्रत्येक स्पेल २ मॅनाने स्वस्त. मास्टर जिनी आपल्याच एखाद्या स्टॅकवर मनाला येईल तो आशीर्वाद टाकतो, लढाईत तीनदा. कोणता येईल ते त्याच्या लहरीवर. मला हवी असते घाई आणि तो देतो ढाल.

चौथ्या भागात हीरो स्वतःच मैदानात उतरतो, मार खातो, मरतो. जादूचा मोठा भार त्या एका म्हाताऱ्याच्या झग्यात. अपग्रेड नाहीत. उलट दुसऱ्या पातळीपासून पुढे दोनांतून एकच निवडायचा: मेज की गोल्ड गोलेम, जिनी की नागा, टायटन की ड्रॅगन गोलेम. कागदावर ही सगळ्यांत हुशार रचना आहे, कारण टाउन एकच पण दोन जादूगार एकसारखे नसतात. खेळताना मात्र मला प्रत्येक वेळी न घेतलेल्या अर्ध्या ताटाची चुटपुट लागते. म्हणून चौथ्या भागाची नोंद दोनदा करा, एकदा हा रस्ता धरून आणि एकदा तो. एकाच खेळीवरून मत बनवलंत तर अर्धीच फॅक्शन पाहिलीत.

पाचव्या भागात जादू वर्कशॉपमध्ये गेली. ॲकॅडमीचा (इथल्या जादूगार टाउनचा) हीरो टाउनमध्ये बसून प्रत्येक स्टॅकसाठी छोटी आर्टिफॅक्ट्स (जादूच्या वस्तू) घडवतो, आणि हीरोचा नॉलेज जितका जास्त तितकी ती जास्त गुणकारी. इथे जरा थांबा. दुसऱ्या-तिसऱ्या भागात नॉलेज म्हणजे फक्त मॅनाची टाकी, दर अंकाला १०. इथे तोच नॉलेज सैनिकाच्या अंगावरच्या ताईतात उतरला. किंमतही आहे, ही घडामोड लाकूड, धातू, रत्नं यांतून होते, आणि तीच सामग्री इमारतींनाही हवी असते. तिसऱ्या दिवशी मी एकदा हौसेने सगळ्यांना ताईत बांधले आणि आठवडाभर पुढची इमारत अडून राहिली. वहीत त्या पानावर मी रागाने नुसतं 'सोनाराचं दुकान' असं लिहून ठेवलंय.

चौथं काम आगंतुक शोधण्याचं. प्रत्येक जादूगार टाउनमध्ये एक पाहुणा असतो, ज्याचा जादूशी सुतराम संबंध नाही. तिसऱ्या भागात बर्फातल्या मनोऱ्यांमध्ये सहा हातांची नागा काय करते? खेळून बघा, मग कळतं. ती मारते तेव्हा शत्रूला उलट मारता येत नाही. तिचा डॅमेज ठरलेला, २०, अपग्रेड झाल्यावर ३०. नशिबाचा खेळ नाही. म्हणून शत्रूने तिला कर्स (डॅमेज कमीत कमी करणारा शाप) केलं तरी जवळजवळ काही बिघडत नाही, आणि आपण ब्लेस (डॅमेज जास्तीत जास्त करणारा आशीर्वाद) केलं तरी जवळजवळ काही मिळत नाही. बाकी सगळं टाउन नाजूक, मॅनावर जगणारं. नागा ही त्याची कुऱ्हाड. मॅना संपल्यावर ती कामाला येते.

आता पाचव्या भागात जा. नागा नाही. पण सहाव्या पातळीवर राक्षस राणी बसली आहे, आणि तिलाही उलटा वार बसत नाही. खुर्ची तीच, बसणारी बदलली. असं काही सापडलं की रचनाकाराने जुना भाग समोर ठेवून काम केलंय हे ओळखावं. (राणी अपग्रेड झाली की तिचा 'राजा' होतो आणि २००७ च्या विस्तारात 'क्षात्र'. हे कोणत्या व्याकरणात बसतं ते त्यांनाच ठाऊक, पण मराठी माणसाला त्या पडद्यापुढे हसू आवरत नाही.)

जिथे जादूगार नाहीत तिथलीही नोंद ठेवा. १९९५ च्या पहिल्या भागात विझार्ड नाहीच, जादूचा कारभार सॉर्सरेस आणि वॉरलॉक यांच्यात वाटलेला. तिथे मॅनाही नाही, नॉलेजवरून ठरतं की एकेक स्पेल किती वेळा टाकता येईल. सहाव्या भागात (२०११) ॲकॅडमी पुन्हा गायब. तो भाग जादूगाराशिवाय खेळून बघा आणि कशाची उणीव भासते ते लिहा. मला स्वतःला लायब्ररीची भासली, टायटनची नाही. सातव्यात (२०१५) ते परत आले, ग्रेमलिनच्या जागी कबीर नावाचे नवे छोटे कारागीर घेऊन. त्यावर माझ्या वहीत फार काही नाही. मी तो पुरेसा खेळलेले नाही, आणि दोन संध्याकाळींवर मत देऊ नये.

पैशाची बाजू विसरू नका. टायटन पहिल्या आठवड्यात येत नाही, त्यामुळे तो नोंदीत दिसत नाही, पण सगळं टाउन त्याच्याकडे डोळे लावून बसलेलं असतं. तिसऱ्या भागात जायंट (टायटनचं अपग्रेडपूर्व रूप) २००० सोनं आणि १ जेम (रत्न), टायटन ५००० आणि २ जेम्स. जायंट नुसता चालतो, हिट पॉइंट्स १५०. म्हणजे ३००० आणि एका जेममध्ये हिट पॉइंट्स दुप्पट आणि हातात वीज. किल्ला पूर्ण असेल तर आठवड्याला दोन मिळतात, दोघांचे १००००. कॅपिटॉल ही इमारत दिवसाला ४००० सोनं देते, म्हणजे अडीच दिवसांची कमाई दोन टायटनांच्या घशात. ज्या भागातला जादूगार ताडून पाहताय, त्याच्या शेवटच्या प्राण्यासाठी किती दिवसांची कमाई जाते तेवढं काढा. हा आकडा मात्र दोन भागांत शेजारी मांडायला हरकत नाही, कारण तो दिवसांत आहे.

आणि शेवटी वही बंद करून ते टाउन दुसऱ्याच्या हाती द्या. मी दादाला हॉट सीटवर (एकाच कॉम्प्युटरवर आळीपाळीने) टॉवर घ्यायला लावला. तो कुरकुरला, "हे तुझे पुस्तकी लोक पहिल्या आठवड्यातच मरतात गं." मी त्याचं नेक्रोपोलिस घेतलं. त्याने मेज गिल्डची एकच पातळी बांधली, तीही पुढच्या इमारतीला लागते म्हणून. लायब्ररीकडे ढुंकूनही बघितलं नाही. पाचव्या आठवड्यात नागा क्वीन्स आणि चार टायटन घेऊन माझ्या दारात उभा राहिला आणि एकही स्पेल न टाकता टाउन घेऊन गेला. तिसऱ्या भागाच्या पानावर आता खाली त्याच्या अक्षरात लिहिलेलं आहे: 'जादू ऐच्छिक.' मी ते खोडलेलं नाही. फक्त शेजारी तारीख घातली आणि परतीचा सामना ठरवला, त्यात सोलमिर माझा आहे आणि गोलेम पुढच्या रांगेत.