औषधाच्या बिलातला नफा कसा तपासाल?
इंदूरच्या दवा बाजारात ‘वीस टक्के सूट’ अशी पाटी पाहून हुरळू नका. आधी स्ट्रिप उलटा. औषध अनुसूचित यादीत, म्हणजे सरकार ज्यांची किंमत बांधून देतं त्या औषधांच्या यादीत असेल, तर 2013 च्या किंमत नियंत्रण आदेशानुसार निदान एक टक्का बाजारहिस्सा असलेल्या ब्रँडांच्या सरासरी दरावर 16 टक्के किरकोळ नफा धरून कमाल किंमत ठरते. या कमाल किमतीवर कंपनी फक्त जीएसटी धरू शकते.

‘फार्मा सही दाम’ या औषधांच्या किमती दाखवणाऱ्या सरकारी ॲपवर घटक, मिलिग्रॅम आणि प्रकार तिन्ही जुळवा. 500 च्या जागी 650 पाहिलं की हिशेब फसतो. कमाल किंमत एका गोळीची असते. स्ट्रिपमधल्या गोळ्यांनी गुणा, जीएसटी मिळवा आणि छापील किमतीशी ताडून पाहा.

यादीबाहेरच्या औषधांना सहसा अशी कमाल किंमत नसते, फक्त वर्षाला 10 टक्क्यांहून जास्त वाढ करता येत नाही. घसघशीत सूट बहुधा इथेच मिळते! छापील किमतीत कर धरलेलाच असतो. वर वेगळा लावला, तर पैसे देऊ नका.